लिट्विनेन्को प्रकरणावर मराठी माहितीपट: कागद, परवानग्या, खर्च

25 जानेवारी 2025 ला, शनिवारी दुपारी, उत्तर लंडनमधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये आमचा 22 मिनिटांचा मराठी माहितीपट पहिल्यांदा लोकांसमोर लागला. विषय अलेक्झांडर लिट्विनेन्को. रशियाच्या एफएसबी या गुप्तचर खात्यातले अधिकारी, आपल्याच खात्यातली घाण उघड्यावर मांडणारे, आणि नोव्हेंबर 2006 मध्ये लंडनमध्ये पोलोनियम या किरणोत्सर्गी धातूचं विष देऊन मारले गेलेले. कामाला सुरुवात केली ती नोव्हेंबर 2023 मध्ये. मधल्या काळात कुठला कागद कुठे मिळतो, कशाची परवानगी कोणाकडे मागायची, कशाला किती पैसे पडतात हे आम्ही विचारत विचारत शिकलो. मराठीत याबद्दल लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवते आहे.

आम्ही म्हणजे दोघं. मी हिशेबतपासनीस म्हणून नोकरी करते आणि माझा मित्र शनिवार-रविवार लग्नांचं शूटिंग करतो. सिनेमाचं शिक्षण दोघांचंही नाही.

मी मूळची तळेगाव दाभाड्याची. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघालेल्या सतीश शेट्टींवर आमच्या गावात हल्ला झाला आणि त्यात ते गेले. माहितीच्या अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणारा माणूस, जिवाला धोका आहे म्हणून पोलिस संरक्षण मागितलेला. त्या खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. लंडनला आल्यावर लिट्विनेन्को चौकशीची कागदपत्रं हाती लागली तेव्हा मी थक्क झाले. एवढ्या मोठ्या खुनाची फाइल, साक्षी-पुराव्यांसकट, कोणालाही घरबसल्या उघडून वाचता येते. ती आपल्या माणसांपुढे मराठीत ठेवायची, एवढंच डोक्यात होतं.

पहिले काही महिने नुसतं वाचन झालं. या खुनाची सार्वजनिक चौकशी करणारे न्यायाधीश सर रॉबर्ट ओवेन यांचा अहवाल 21 जानेवारी 2016 ला प्रसिद्ध झाला. 300 हून जास्त पानं आहेत आणि सरकारी संकेतस्थळावर तो फुकट उतरवून घेता येतो. पण अहवालावर थांबू नका. चौकशीचं मूळ संकेतस्थळ ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या वेब आर्काइव्हमध्ये जपून ठेवलेलं आहे. 27 जानेवारी ते 31 जुलै 2015 या काळात रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये जी उघड सुनावणी झाली, तिची शब्दशः नोंद तिथे दिवसवार आहे. पुराव्याच्या कागदांना आयएनक्यू या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक दिलेले आहेत. काही मजकूर काळ्या पट्ट्यांखाली आहे आणि काही पुरावा बंद दाराआड घेतला गेला, तो मिळत नाही. तरीही जे उघड आहे ते वाचायलाच कित्येक शनिवार-रविवार लागतात.

इथे माझी नोकरी उपयोगी पडली. पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये चार रकाने केले: दावा काय, कोणी केला, कुठल्या दिवसाच्या नोंदीत कुठल्या पानावर, आणि आयएनक्यू क्रमांक. व्हाउचर नाही तर नोंद नाही, हा ऑफिसातला नियम निवेदनाला लावला. पुढे वकिलांनी आणि कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) जे जे विचारलं त्याचं उत्तर या शीटमधून मिनिटभरात देता आलं. कोणी असं काम हाती घेणार असेल तर कॅमेऱ्याच्या आधी ही शीट उघडा.

या कागदांमध्ये मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते लिट्विनेन्को यांच्या स्वतःच्या जबाबानं. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, मेट्रोपॉलिटन पोलिसांनी त्यांचा जबाब टेपवर घेतला. तीन दिवसांत मिळून जवळजवळ नऊ तास. शरीराला नेमकं काय झालंय हे तेव्हा डॉक्टरांनाही कळलेलं नव्हतं. आणि हा माणूस, जो स्वतः तपास अधिकारी होता, आपल्याच खुनाच्या तपासाला साक्ष देत होता. मिलेनियम हॉटेलच्या पाइन बारमध्ये कोण कुठे बसलं होतं, किटली आधीच टेबलावर होती, त्यात ग्रीन टी उरला होता, साखर नव्हती, चहा गार झालेला, आपण तीन-चार घोटच घेतले. हे सगळं ते एकेक करून सांगतात. ते पान वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी पुढे काही वाचू शकले नाही.

पुढचं शास्त्रही या कागदांत आहे. पोलोनियम-210 मधून अल्फा किरण निघतात, ते कागदाच्या पानानेही अडतात, म्हणून नेहमीच्या गायगर काउंटरने काही सापडलं नाही. नेमकं विष कोणतं ते निश्चित झालं तेव्हा त्यांच्या हातात अवघे काही तास उरले होते. 23 नोव्हेंबर 2006 ला रात्री ते गेले. मग पोलिसांनी लंडनभर त्या विषाचा माग काढला: हॉटेलच्या खोल्या, कचेऱ्या, विमानांतल्या सीट. हॉटेलची किटली तर त्यानंतरही धुऊन वापरात होती आणि तपासणीत तिच्यावर अत्यंत मोठ्या प्रमाणात पोलोनियम मिळालं. मला पटलेला तपशील मात्र बसचा आहे. चहा घेतला त्याच दिवशी, 1 नोव्हेंबरला, लिट्विनेन्को घरून, मसवेल हिलहून, बसने शहरात आले. पोलिसांनी ऑयस्टर कार्डावरून (लंडनच्या बस-रेल्वेचं तिकीट कार्ड) प्रवास शोधला, बस तपासली, आणि त्या बसमध्ये काहीही सापडलं नाही. म्हणजे घरातून निघताना ते स्वच्छ होते. एका बसच्या तिकिटातून एवढं सिद्ध होतं.

मार्च 2024 मध्ये पटकथेला बसलो तेव्हा आमच्यात पहिला मतभेद झाला. मित्राचं म्हणणं, विषापासून सुरुवात करू, लोक खिळून बसतील. मला ते मान्य नव्हतं. विष हे शेवटचं पान आहे. मुळात हा माणूस मारला का गेला? 17 नोव्हेंबर 1998 ला मॉस्कोत सहकाऱ्यांसोबत पत्रकार परिषद घेऊन लिट्विनेन्को यांनी जाहीर सांगितलं, की उद्योगपती बोरिस बेरेझोव्स्की यांना मारायला आपल्याला खात्यातून सांगण्यात आलं. त्या वेळी एफएसबीचे प्रमुख होते व्लादिमिर पुतिन. खात्यात सुपाऱ्या, खंडण्या, गुन्हेगारांशी भागीदारी चालते हे लिट्विनेन्को आतून पाहत आलेले होते. 1999 मध्ये त्यांना अटक झाली, कोर्टाने निर्दोष सोडलं तर तिथल्या तिथे पुन्हा अटक. ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांनी देश सोडला आणि 1 नोव्हेंबर 2000 ला कुटुंबासह हीथ्रोवर उतरले. लंडनमध्येही गप्प बसले नाहीत. स्पेनमधल्या तपास यंत्रणांना ते रशियन माफिया आणि सत्तेतली माणसं यांच्या लागेबांध्यांची माहिती देत होते. ब्रिटिश नागरिकत्व मिळालं ऑक्टोबर 2006 मध्ये, आणि त्यानंतर काही आठवड्यांत ते गेले. शेवटी ठरलं ते असं, की 22 पैकी पहिली 9 मिनिटं भ्रष्टाचाराची, विषाला 5, आणि उरलेली त्यांच्या पत्नी मारिना लिट्विनेन्को यांच्या लढ्याची.

या शेवटच्या भागाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हा भाग लोकांना ठाऊक नसतो. चौकशी आपोआप झालेली नाही. आधी नुसती मृत्यूची न्यायचौकशी सुरू होती. सरकारने गुप्ततेचं कारण देऊन महत्त्वाचे कागद बाहेर ठेवले. मग न्यायाधीश ओवेन यांनीच सार्वजनिक चौकशीची मागणी केली, कारण तिथे गुप्त पुरावा निदान बंद दाराआड तपासता येतो. जुलै 2013 मध्ये गृहखात्याने नकार दिला. मारिना हायकोर्टात गेल्या. हरलो तर सरकारचा खर्च आपल्या अंगावर येईल हे माहीत असून गेल्या. फेब्रुवारी 2014 मध्ये कोर्टाने तो नकार रद्द केला आणि जुलै 2014 मध्ये चौकशी जाहीर झाली. नवरा जाऊन तोवर साडेसात वर्षं उलटली होती. अहवाल यायला आणखी दीड वर्ष गेलं, आणि सप्टेंबर 2021 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या खुनाला रशियाला जबाबदार धरलं. आज मी ज्या फाइलीतून आरामात वाचत होते ती एका बाईच्या चिकाटीमुळे उघडी आहे. माहितीपटात हे आलं नसतं तर मी तो केलाच नसता.

एप्रिलमध्ये वकील. माध्यम-कायद्याचं काम करणाऱ्या एका सॉलिसिटरबाईंनी पटकथा वाचून देण्याचे 300 पौंड आणि वर व्हॅट, असे 360 घेतले. आमच्या एकूण खर्चातला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा. त्यांनी समजावलं, की सार्वजनिक चौकशीच्या कामकाजाचं प्रामाणिक आणि अचूक वार्तांकन केलं तर अब्रुनुकसानीच्या कायद्यात त्याला संरक्षण आहे. मात्र अचूक म्हणजे अचूक. ओवेन यांच्या अहवालात खात्रीच्या पायऱ्या आहेत. पाइन बारमध्ये लिट्विनेन्कोंना भेटलेले आंद्रेई लुगोवॉय आणि दिमित्री कोव्तुन यांनी किटलीत पोलोनियम घातलं, याची त्यांना पूर्ण खात्री आहे. लुगोवॉय एफएसबीच्या सांगण्यावरून वागला, ही दाट शक्यता. आणि एफएसबीची ही कारवाई तिचे तेव्हाचे प्रमुख निकोलाय पात्रुशेव आणि अध्यक्ष पुतिन यांनी बहुधा मंजूर केली होती. मराठीत बोलताना या तिन्ही पायऱ्या सहज एका वाक्यात वितळून जातात. म्हणून निवेदनात प्रत्येक पायरीला स्वतंत्र वाक्य दिलं आणि तिन्हींच्यामध्ये थांबे ठेवले. दोघा आरोपींनी आरोप फेटाळले, रशियन सरकारनेही फेटाळले, लुगोवॉय पुढे रशियन संसदेत निवडून गेला आणि कोव्तुन 2022 मध्ये वारला, हेही आलं.

शूटिंग मे आणि जूनमध्ये. लंडनमध्ये एकच एक परवानगी देणारी खिडकी नाही. प्रत्येक बरोचं, म्हणजे शहरातल्या पालिका विभागाचं, आपलं फिल्म ऑफिस असतं. मिलेनियम हॉटेल ज्या चौकात होतं तो ग्रोव्हनर स्क्वेअर वेस्टमिन्स्टर बरोत येतो, त्यामुळे त्यांच्याकडे अर्ज केला: तारीख, वेळ, माणसं किती, ट्रायपॉड आहे का, आणि पब्लिक लायबिलिटी विम्याचं (आपल्यामुळे इतरांचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) प्रमाणपत्र. हा विमा आधी काढा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. थोड्या दिवसांसाठी मिळतो, आम्हाला 94 पौंड पडले. रस्ता कौन्सिलचा असला तरी चौकातली बाग खाजगी इस्टेटीची आहे, तिथे वेगळी परवानगी लागते, म्हणून आम्ही फूटपाथवरूनच चित्रीकरण केलं. मिलेनियम हॉटेल आता त्या नावाने राहिलेलं नाही, आत जाऊन शूटिंग करायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. बसच्या आतही वाहतूक खात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. मसवेल हिलला फूटपाथवर उभं राहून सुटणाऱ्या बसचं दृश्य घेतलं, तेवढं पुरलं. कोर्टात तर 1925 पासून फोटो काढायलाच बंदी आहे, तेव्हा रॉयल कोर्ट्सची इमारत बाहेरून.

हायगेट स्मशानभूमीत मी एकटी गेले. किरणोत्सर्गामुळे शिशाचं अस्तर लावलेल्या पेटीत त्यांना 7 डिसेंबर 2006 ला तिथे पुरलं. तिथे चित्रीकरणाला ट्रस्टची परवानगी मागता येते. आम्ही मागितली नाही. कुटुंबाची जागा आहे, आपल्याला 10 सेकंदांच्या दृश्यासाठी तिथे उभं राहायचं कारण नव्हतं. मारिना यांच्याकडे मुलाखतही मागितली नाही. 2015 मध्ये त्यांनी शपथेवर दिलेली साक्ष समोर होती, त्यातलेच भाग मराठीत वाचले.

आता फोटो. हॉस्पिटलच्या पलंगावर केस गेलेले लिट्विनेन्को, तो फोटो जगाने पाहिलाय. फोटो-संस्थेकडून छोट्या सार्वजनिक खेळापुरता दर मागवला, तो 400 पौंडांच्या वर होता. बातमीसाठी म्हणून साहित्य वापरायची जी सवलत ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात आहे ती फोटोंना लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. इंटरनेटवरून उचलून लावला तर अडचणीत याल. आम्ही तो फोटो घेतलाच नाही. त्याऐवजी पोलिस जबाबाची पानं पडद्यावर आणली. अहवाल क्राउन कॉपीराइटचा, म्हणजे सरकारी हक्काचा, असला तरी ओपन गव्हर्नमेंट परवान्याखाली आहे, श्रेयाची ओळ दिली की वापरता येतो. पुराव्यात इतरांचे फोटो किंवा कागद असतील तर त्यांचे हक्क निराळे, ते गाळले. नकाशे ओपनस्ट्रीटमॅपचे, तेही श्रेय देऊन, फुकट. 1998 च्या पत्रकार परिषदेच्या चित्रफितीचा दर सेकंदावर होता. तिच्याऐवजी एका मैत्रिणीने कोळशाने तीन रेखाचित्रं करून दिली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त परिणाम करतात.

एडिटिंग ऑगस्ट ते ऑक्टोबर, नोकरीतून उरलेल्या वेळात. देवनागरीने खूप छळलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत होती, ‘लिट्विनेन्को’ मधला ‘ट्वि’ तीन तुकड्यांत दिसायचा आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटायची. उपाय हा, की नावांच्या पाट्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रं म्हणून आणायच्या. निवेदन मी घरीच रेकॉर्ड केलं, 110 पौंडांचा माइक घेऊन, रात्री अकरानंतर, फ्रिज बंद करून. इथे वाढलेल्या मुलांसाठी इंग्रजी सबटायटल्स दिली. रशियन नावांचे उच्चार एका रशियन शेजाऱ्यांकडून फोनवर ऐकून घेतले, त्यांनी मोबदला म्हणून काही घेतलं नाही आणि श्रेयनामावलीत नावही नको म्हणाले. का, ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रदर्शनाची तयारी सुरू झाली आणि इथे एक अनपेक्षित टप्पा आला. इंग्लंडमध्ये कम्युनिटी हॉलमध्ये, नफा न कमावता, 500 पर्यंत माणसांना सिनेमा दाखवायला वेगळा परवाना लागत नाही, पण मुलं येणार असतील तर सिनेमाला वयाचं वर्गीकरण हवं. ते फिल्म बोर्डाकडून घ्या किंवा स्थानिक कौन्सिलकडून. बोर्डाचे दर मिनिटांवर असतात. कौन्सिलचा मार्ग छोट्या मंडळींना बरा. अर्ज, सारांश, पाहण्यासाठी लिंक आणि आमच्या बरोत 75 पौंड. उत्तर यायला महिन्याहून जास्त लागला, मधे नाताळ आला, फोन केला तर प्रत्येक वेळी फाइल दुसऱ्या टेबलावर. हॉलचं भाडं 180 पौंड आगाऊ भरलेलं, आमंत्रणं गेलेली. तो काळ फार वाईट गेला. पत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं: 12 वर्षांखालील मुलांनी मोठ्यांसोबत पाहावा. तुम्ही करणार असाल तर तारीख ठरवायच्या आधी किमान दोन महिने अर्ज द्या.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं आली. सिनेमा संपल्यावरची चर्चा सिनेमापेक्षा लांबली. एका काकांनी विचारलं, तिथे निदान अहवाल तरी आला, आपल्याकडे काय? मी खरं ते सांगितलं. भारतात व्हिसलब्लोअर (गैरव्यवहार उघड करणारे) संरक्षण कायदा संसदेने मंजूर केला, मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अजून अमलात आणलेला नाही. हॉलमधल्या बऱ्याच जणांना हे माहीत नव्हतं. दुसऱ्या एका बाईंचा प्रश्न अवघड होता: अहवालाने काय झालं, आरोपी तर कधी कोर्टात उभेच राहिले नाहीत. रशियाने लुगोवॉयला सोपवायला नकार दिला हे खरं आहे. माझं मत मी तिथे मांडलं तेच इथे लिहिते. शिक्षा झाली नाही, हा अन्याय आहे. पण खून कोणी, कसा आणि का केला हे पुराव्यासह सरकारी कागदावर आलं, मारिना आणि त्यांच्या मुलाला ते हातात धरता आलं, आणि मारणाऱ्यांची कहाणी एकमेव कहाणी उरली नाही. शेट्टींच्या घरच्यांना एवढंही मिळालेलं नाही.

हिशेब: वकील 360, विमा 94, माइक 110, हॉल 180, कौन्सिल 75, हार्ड डिस्क 65, हायगेटचं तिकीट 10. एकूण 894 पौंड. दोघांनी निम्मे निम्मे घातले. मित्राने कॅमेऱ्याचे पैसे लावले नाहीत आणि चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीने फक्त रंगसामानाचे मागितले, ते मी भरले, हिशेबात धरलेले नाहीत.

पुण्याहून दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे. भारतात सार्वजनिक खेळासाठी माहितीपटालाही सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, त्याचे फॉर्म सध्या वाचते आहे. तोवर एक्सेलची शीट, दिवस आणि पान क्रमांकांसकट, ज्याला हवी त्याला पाठवीन. खाली लिहा.